कुणाची तिजोरी, कुठलं साल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला बजावलं होतं, "तुमच्या संशोधनावर बोला, पण आकडे कमी ठेवा, जेवणाआधीचं भाषण आहे." सार्वजनिक वित्तात आयुष्य काढलेल्या बाईला असं सांगणं म्हणजे कीर्तनकाराला अभंग गाळायला सांगण्यासारखं आहे. तरी बघते. नमनाला घडाभर तेल घालत नाही, थेट मुद्द्यावर येते.

मी या देशात, अमेरिकेत, आले ती करांचं गणित शिकायला. कर किती लावावा म्हणजे तिजोरीही भरेल आणि माणसं काम करणंही सोडणार नाहीत, असा तो कोरडा, कागदावरचा विषय. स्वतः स्थलांतरित असूनही स्थलांतरावर काम करावं असं मनात आलं नव्हतं. मग १९९४ साल उजाडलं. कॅलिफोर्नियात 'प्रपोझिशन १८७' नावाचा प्रस्ताव मतदानाला आला. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांना सरकारी शाळा बंद, तातडीचे उपचार सोडून बाकी सरकारी वैद्यकीय सेवा बंद, असा त्याचा मथितार्थ. मतदारांनी तो मंजूर केला, पुढे न्यायालयाने अडवला. त्या प्रचारात दोन्हीकडून आकड्यांची फेकाफेक चालली होती. एक म्हणे, हे लोक राज्याला बुडवतायत. दुसरा म्हणे, यांच्याच करांवर राज्य चाललंय. आम्ही काही विद्यार्थ्यांनी दोन्हीकडचे आकडे तपासायला घेतले, आणि लक्षात आलं की दोघंही खरं बोलत असू शकतात. ज्या विषयात असं होऊ शकतं त्यात शिरायचंच, असं तेव्हा ठरवलं. ते अजून सुटलेलं नाही.

वाद जुनाच आहे. १८८२ च्या कायद्याने जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशामागे ५० सेंट कर बसवला, आणि जो सरकारवर भार होईल अशी शंका असेल त्याला उतरू देऊ नये, हेही त्याच कायद्यात लिहिलं. जमा आणि खर्च, दोन्ही बाजू तेव्हापासून एका कागदावर आहेत.

१९९७ साली नॅशनल रिसर्च कौन्सिलचा मोठा अहवाल आला. आमच्या पिढीने तो अक्षरशः पाठ केला. सरासरी स्थलांतरित आणि त्याचे वंशज मिळून सरकारी तिजोऱ्यांत जे भरतील त्यातून त्यांच्यावरचा खर्च वजा केला, तर शिल्लक त्या वेळच्या मूल्यात ८०,००० डॉलर. वाचून बरं वाटतं. पण पोटातली फोड बघा. स्वतः आलेला माणूस उणे ३,०००, त्याची मुलंबाळं अधिक ८३,०००. हायस्कूलही पूर्ण न केलेला उणे १३,०००, हायस्कूलच्या पुढे शिकलेला अधिक १,९८,०००. आणि त्याच अहवालात कॅलिफोर्नियाचा वेगळा हिशेब होता: इथे जन्मलेल्यांच्या दर कुटुंबावर वर्षाला १,१७८ डॉलरचा बोजा. मग काय, ज्याला जो आकडा सोयीचा त्याने तो उचलला. अहवाल एकच, मथळे दोन.

हे कसं होतं ते सांगायला तुम्हाला माझ्या संगणकाच्या पडद्यापर्यंत नेते. समजा एक घर आहे. वडील ट्रक चालवतात, आई हॉटेलात खोल्या साफ करते, दोघांचा जन्म मेक्सिकोतला. मुलगा इथे जन्मला, चौथीत आहे. सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये त्या मुलाची एक ओळ असते. जन्मस्थान: अमेरिका. आईचं जन्मस्थान: मेक्सिको. वडिलांचं जन्मस्थान: मेक्सिको. आता त्याच्या शाळेचा खर्च मी कुणाच्या नावावर टाकू? मुलगा जन्माने नागरिक आहे, म्हणून 'स्थानिक' रकान्यात टाकला तर स्थलांतरित एकदम स्वस्त दिसू लागतात. आईवडिलांच्या नावावर टाकला तर महाग दिसतात. बहुतेक अभ्यासक दुसरा मार्ग धरतात, कारण आईवडील आले नसते तर हा खर्चही झाला नसता. मलाही ते पटतं. पण पुढची गंमत ऐका. तोच मुलगा मोठा होऊन नोकरीला लागतो, वेगळं बिऱ्हाड करतो, कर भरू लागतो, आणि एका सालाच्या ताळेबंदात तो कर जातो 'स्थानिक' रकान्यात. खर्च आईवडिलांच्या नावे, कमाई देशाच्या नावे!

ही चूक टाळायची तर पिढ्यांमागून पिढ्या हिशेब चालवावा लागतो, आणि त्यासाठी माणसाच्या आईवडिलांचा जन्म कुठला हे माहीत असावं लागतं. दर दहा वर्षांच्या जनगणनेत हा प्रश्न १९७० पर्यंत होता, नंतर काढून टाकला. सुदैवाने १९९४ पासून दरमहाच्या रोजगार सर्वेक्षणात तो विचारतात. म्हणजे मी शिकत होते त्याच सुमारास तो रकाना आला. या सभागृहात मागे गोंधळ घालणारी जी पोरं आहेत ती आकडेवारीत दिसतात ती त्या एका रकान्यामुळे.

दुसरा घोळ लष्कराचा. संरक्षणाचा खर्च माणशी वाटायचा का? आणखी एक कुटुंब आलं म्हणून नौदल नवी विमानवाहू नौका बांधत नाही. पण वाटला नाही, तर स्थलांतरितांना फुकट संरक्षण दिलं असं म्हणणारे आहेतच. २०१६ साली नॅशनल अकॅडमीजच्या समितीने हे सगळं आठ प्रकारे मोजून दाखवलं. स्वतः बाहेरून आलेल्या पिढीमुळे वर्षाला पडणारी तूट एका टोकाला ४३ अब्ज डॉलर, दुसऱ्या टोकाला २९९ अब्ज. माणसं तीच, सर्वेक्षण तेच, बदलली ती गृहीतकं. त्यांचीच इथे जन्मलेली मुलं मोठेपणी तिजोरीत सर्वाधिक भर घालणाऱ्या गटांपैकी आहेत, हेही त्याच अहवालात आहे. ते वाचायला फार पानं उलटावी लागत नाहीत, पण लोक उलटत नाहीत.

आता तिजोरीकडे येते, आणि इथे बाबासाहेबांचं नाव घ्यायलाच हवं. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात आले आणि एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकले. करशास्त्रात त्या काळी सेलिग्मन म्हणजे शेवटचा शब्द. १९२५ साली लंडनला प्रसिद्ध झालेला बाबासाहेबांचा कोलंबियाचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवहारावर आहे. १८३३ नंतर महसूल सगळा मध्यवर्ती सरकारचा, आणि प्रत्यक्ष राज्यकारभार चालवायचा प्रांतांनी. १८७१ पासून प्रांतांना नेमून दिलेल्या रकमा मिळू लागल्या, १८७७ पासून काही महसूल त्यांच्याकडे सोपवला, १८८२ पासून वाटणी सुरू झाली. पैसा एका हातात आणि जबाबदारी दुसऱ्या हातात असली की काय होतं, याची इतकी बारीक चिरफाड फार थोड्यांनी केली असेल. भारतात अर्थशास्त्राची पदवी घेताना मला हा प्रबंध कुणी वाचायला दिला नाही, याचा राग मला अजून आहे. राज्यघटनेच्या शिल्पकाराचे पुतळे आपण उभारले आणि त्यांच्यातला अर्थतज्ज्ञ कपाटात ठेवला.

इथल्या स्थलांतराचं दुखणं नेमकं तेच आहे. इन्कम टॅक्स आणि पगारातून कापल्या जाणाऱ्या पे-रोल टॅक्सचा मोठा वाटा जातो वॉशिंग्टनला, म्हणजे केंद्र सरकारला. मुलांच्या शाळा, रात्रीचा निवारा, स्थानिक दवाखाना, हे सगळं चालवायचं राज्याने आणि शहराने. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने, म्हणजे सीबीओने, जुलै २०२४ मध्ये अंदाज दिला की २०२१ पासून वाढलेल्या स्थलांतरामुळे केंद्राची तूट २०२४ ते २०३४ या काळात ९०० अब्ज डॉलरने कमी होईल. त्याच कार्यालयाने जून २०२५ मध्ये राज्यं आणि शहरांचा २०२३ चा हिशेब मांडला: त्या लोकांकडून थेट उत्पन्न १०.१ अब्ज, त्यांच्यावर खर्च १९.३ अब्ज, म्हणजे ९.२ अब्जांचा भुर्दंड. महापौर ओरडतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, आणि वॉशिंग्टनमधला अर्थतज्ज्ञही नाही. माझं मत विचाराल तर माणसं अडवून हे सुटणार नाही. केंद्राने आपल्या नफ्यातला वाटा खाली पोचवला पाहिजे. हे मी गेली कित्येक वर्षं लिहितेय आणि ते कुठल्याच पक्षाला आवडत नाही.

एकदा एका राज्याच्या अर्थसंकल्प समितीपुढे साक्षीला बोलावलं होतं. एका सदस्याने विचारलं, "प्रोफेसर, एका वाक्यात सांगा, फायदा की तोटा?" मी म्हटलं, "तुमच्या राज्याला आज तोटा, वॉशिंग्टनला आज फायदा, आणि तुमच्या नातवंडांच्या काळात दोघांनाही फायदा." त्याने वहीत पहिले चारच शब्द लिहिले. मी समोरून बघत होते.

मजुरीच्या वादात मी फारशी पडले नाही. १९८० साली मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० क्यूबन फ्लोरिडात उतरले. त्याने मायामीतल्या कामगारांची मजुरी पडली का, यावर अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये 'नाही' म्हटलं, जॉर्ज बोर्हास यांनी २०१७ मध्ये 'हो' म्हटलं, आणि त्यात कुठली माणसं मोजली यावरून पुढे जी हमरीतुमरी झाली ती आमच्या धंद्यात दंतकथा आहे. बोर्हास स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले, हे जाता जाता.

आता जरा आपल्याबद्दल. तुमचा पे-स्टब, म्हणजे पगाराची चिठ्ठी, आठवा. त्यावर सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याचे, १.४५ टक्के कापलेले असतात, आणि तेवढेच कंपनी भरते. सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे निदान १० वर्षांचं काम. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची मुदत ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकलेला नसेल तर ६ वर्षं. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे ६ वर्षं भरून जो परत गेला त्याचा पैसा इथेच राहिला. सोशल सिक्युरिटीच्याच गणितज्ञांनी अंदाज काढला होता की २०१० या एका वर्षात कागदपत्रं नसलेल्या कामगारांमुळे त्या निधीत निव्वळ १२ अब्ज डॉलरची भर पडली. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती त्यातलं काही लागणार नाही. म्हणजे माझ्या फाइलमध्ये परतलेला आपला सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि शेतात टोमॅटो खुडणारा तो माणूस शेजारी शेजारी बसतात. आपल्याला ती संगत आवडो न आवडो.

कारण आपल्या पार्ट्यांमध्ये मी वेगळंच ऐकते. "आम्ही रांगेत उभं राहून आलो, आम्ही कर भरतो, हे लोक नुसते घेतात." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. १,९८,००० डॉलरवाला तो शिकलेला स्थलांतरित म्हणजे आपणच, हे खरं. पण त्याचं शिक्षण कुणी केलं? माझी शाळा अनुदानित होती, कॉलेज सरकारी. खर्च भारताच्या तिजोरीतून झाला आणि कर जमा होतोय इथल्या. मिहिर देसाई, देवेश कपूर आणि जॉन मॅकहेल यांनी २००१ सालचा हिशेब मांडला. अमेरिकेतले भारतात जन्मलेले लोक भारताच्या लोकसंख्येच्या ०.१ टक्का, पण त्यांची कमाई भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या १० टक्क्यांइतकी. भारताच्या तिजोरीचं निव्वळ नुकसान जीडीपीच्या ०.२४ ते ०.५८ टक्के. १९७० च्या दशकात अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी सुचवलं होतं की अशा शिकून गेलेल्यांच्या परदेशातल्या कमाईवर थोडा जादा कर लावावा. इथे आल्यावर मी तो प्रस्ताव वाचला तेव्हा अंगावर काटा आला, कारण माझा स्टायपेंड नुकताच सुरू झाला होता. वसुली करणं कठीण आहे, मान्य. पण अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही राहिले तरी कर लावतेच. तुमच्यातले जे नागरिकत्व घेऊन निवृत्तीनंतर भारतात जायचं म्हणतात, त्यांना ते कळेलच.

सध्या मी ज्यात गुंतले आहे ते सांगते आणि थांबते. पॅट्रिशिया कोर्तेस आणि होसे तेसादा यांनी २०११ मध्ये दाखवलं की कमी शिकलेल्या स्थलांतरितांची संख्या जिथे वाढली तिथे खूप शिकलेल्या बायकांचे कामाचे तास वाढले, कारण घरकाम आणि मुलांना सांभाळणं विकत मिळू लागलं. आता पुढचा प्रश्न तिजोरीचा. एखादी डॉक्टरीण आठवड्याला काही तास जास्त काम करते आणि त्यावर कर भरते. तो कर तिच्या रकान्यात जमा होतो. तिच्या घरी सासऱ्यांना आंघोळ घालणारी, मुलांना खाऊ घालणारी बाई कमी पगारावर आहे, म्हणून ती उणे रकान्यात. मार्क कोलास आणि डॉमिनिक साक्स यांनी कमी शिकलेल्यांमुळे बाकीच्यांची कमाई आणि त्यावरचा कर किती वाढतो ते मोजलं, आणि उणेचा बराचसा भाग भरून निघताना दिसला. मी हेच म्हाताऱ्यांच्या देखभालीपुरतं, राज्यवार करू पाहतेय. राज्यांची आकडेवारी धड जुळत नाही, एका राज्याची फाइल तर अजून स्कॅन केलेल्या कागदांवर आहे, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागेल.

आता तुमचे प्रश्न घेते. फक्त ग्रीन कार्ड कधी मिळेल ते मला विचारू नका. दर देशाला ७ टक्के मर्यादा आहे एवढं मला माहीत आहे, पुढचं वकिलांना विचारा. दोन वकील तिसऱ्या ओळीत बसलेत.