खाटेखालची खोकी

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकला शालिमारजवळच्या एका बोळात माझं अक्षरजुळणीचं दुकान आहे. लोक डीटीपीवाला म्हणतात. निवृत्त शिक्षक, पाटबंधारे खात्यातले साहेब, निफाडकडचे द्राक्षबागायतदार, दुपारची कामं उरकून लिहायला बसणाऱ्या मावशी, असे सगळे पिशवीत वह्या घालून माझ्याकडे येतात. प्रकाशकाच्या होकाराची वाट बघायचा धीर नसतो, म्हणून पदरमोड करून स्वतःच पुस्तक काढतात. प्रती किती काढायच्या, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. पाचशे. मग प्रकाशन समारंभ. शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोपटं, पाच वक्ते, आणि लेखकाला बोलायला शेवटची चार मिनिटं. त्या दिवशी थोड्या प्रती विकल्या जातात, थोड्या 'सप्रेम भेट' म्हणून वाटल्या जातात, आणि उरलेली खोकी खाटेखाली सरकतात.

जाता जाता सांगतो, 'सप्रेम भेट' लिहिलेली पुस्तकं मी रद्दीच्या दुकानात सहीसकट पाहिली आहेत. नातेवाइकांना फुकट पुस्तक देऊ नका हो. एक प्रत आपल्या सार्वजनिक वाचनालयाला द्या. 1840 पासून ते पुस्तकं सांभाळतंय, तुमचंही सांभाळेल.

तर खोकी खाटेखाली गेली की महिनाभरानं मला फोन येतो. "अहो, ते ऑनलाइन प्रचार करतात म्हणे, तो कसा करायचा?" आज त्याबद्दल बोलू.

आधी कोरडा भाग उरकून टाकतो. तुमचं पुस्तक बहुधा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असतं. कागदावर सुंदर दिसतं. पण तोच मजकूर उचलून फेसबुकवर टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची निरर्थक माळ उमटते, कारण त्या फॉन्टमध्ये आतून सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांचा आकार मराठी असतो. गुगलवर कुणी शोधलं तर त्यातलं एक वाक्य सापडणार नाही. म्हणून जुळणी करणाऱ्याकडून युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसेल अशी, फाइल मागून घ्या. पैसे देण्याआधी मागा, नंतर मागितली की आम्ही मंडळी टाळाटाळ करतो. पुन्हा सांगतो. युनिकोड फाइल, पैसे देण्याआधी. दुसरं, आयएसबीएन, म्हणजे तो पुस्तकामागचा 13 आकडी क्रमांक. आपल्या देशात तो सरकारकडून मोफत मिळतो, लेखकाला स्वतःला अर्ज करता येतो. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर चहा प्या आणि उठा.

झालं. आता नानांची गोष्ट. खरं तर ती सांगण्यासाठीच मी इथं आलोय.

नाना एसटीत कंडक्टर होते. नाशिक-कळवण, नाशिक-सुरगाणा, नवरात्रात वणीच्या गडाची गर्दी, सगळी नोकरी त्याच रस्त्यांवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या. माझ्याकडे टाइप करणारी मुलगी मधेच थांबून हसत बसायची, असं ते लिखाण. पुस्तक निघालं, समारंभ झाला, खोकी खाटेखाली गेली. मग कुणीतरी सांगितलं, नाना, व्हॉट्सॲपवर टाका. नाना शिस्तीचे. रोज सकाळी साडेसहाला मुखपृष्ठाचा फोटो, खाली 'अत्यंत वाचनीय पुस्तक, किंमत 200 रुपये, आजच मागवा'. सोसायटीच्या ग्रुपवर, गोल्फ क्लब मैदानावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि भाचीच्या लग्नासाठी काढलेल्या ग्रुपवरसुद्धा. त्या भाचीला आता मूल झालंय, ग्रुप अजून चालूच आहे. उत्तरं काय आली? जोडलेले हात, वर केलेले अंगठे, 'अभिनंदन नाना'. मागणी मात्र एकाचीही नाही.

मग एका संध्याकाळी निवृत्तांच्या ग्रुपवर एका जुन्या ड्रायव्हरनं विचारलं, "नाना, तो वणीचा कोंबडा आठवतो का?" नानांना टाइप करायचा कंटाळा. त्यांनी माइकचं बटण दाबून धरलं आणि बोलायला लागले.

बाजाराचा दिवस. गाडी खच्चून भरलेली. मागच्या बाकावर घोंगडी पांघरून एक म्हातारबाबा बसलेले. नाना चिमटा वाजवत तिथवर पोचले.

"बाबा, घोंगडीत काय आहे?"

"काय न्हाय मास्तर. थंडी वाजते."

दिवस वैशाखाचे.

"कोंबडा असला तर अर्धं तिकीट पडेल, बाबा."

"कोनाचा कोंबडा? कुठला कोंबडा?"

आणि घोंगडीनं बांग दिली. अख्खी गाडी हसली. बाबांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. शेजारच्या बाईकडं वळून म्हणाले, "बाई, तुमचा कोंबडा वरडतोय." बाई म्हणाली, माझा न्हाय, म्होरल्याचा. म्होरला म्हणाला, मी तर लग्नाला चाललोय. असं करत करत तो कोंबडा हातोहात पुढं सरकला, पार ड्रायव्हरच्या मागच्या बाकापर्यंत, आणि गाडीत त्याला मालकच उरला नाही. शेवटी नानांनी तो काखेत धरला. तेवढ्यात समोर, दिंडोरीच्या अलीकडं, तपासणी पथकाची जीप. साहेबांनी हात केला. गाडीत एक बिनतिकीट प्रवासी, आणि तो खुद्द कंडक्टरच्या काखेत!

इथं आतून सूनबाईंची हाक आली, "नाना, ताट वाढलंय, गार होतंय." नानांचं बोट बटणावरून सुटलं. झालं, रेकॉर्डिंग गेलं ग्रुपवर, सूनबाईंच्या हाकेसकट.

नाना जेवून, हात पुसून फोन बघतात तर एकाखाली एक, सगळ्यांचं तेच. पुढं काय झालं? नाना, पुढं काय झालं? साहेबांनी काय केलं? नानांनी चष्मा लावला आणि एका बोटानं टाइप केलं, "पुस्तकात आहे. पान 61."

रात्रीतच त्या ग्रुपमधून पुस्तकाला मागणी आली. इतके दिवस मुखपृष्ठ बघून अंगठा दाखवणारी हीच माणसं, बरं का.

पण गोष्ट इथं संपत नाही. ते रेकॉर्डिंग लोकांनी पुढं पाठवलं. सटाण्याला गेलं, मालेगावला गेलं. आणि आठवडाभरात धुळ्याहून नानांच्या सख्ख्या मेहुण्यानं ते नानांनाच पाठवलं. वर लिहिलं, "दाजी, हे ऐका. कोण कंडक्टर आहे कोण जाणे, पण काय सांगतो! तुमच्याच खात्यातला दिसतोय."

दुसऱ्या दिवशी नाना तणतणत माझ्या दुकानात. म्हणाले, "कोंबडा जिल्हाभर फिरला, आणि मी अजून खाटेखालीच!"

श्रोतेहो, सगळी मेख इथं आहे. व्हॉट्सॲपवर निरोप पुढं गेला की मूळ माणसाचं नाव त्याच्यासोबत जात नाही. नुसतं 'फॉरवर्डेड' एवढंच दिसतं. नानांनी रेकॉर्डिंगमध्ये ना स्वतःचं नाव सांगितलं होतं, ना पुस्तकाचं. आपल्याच माणसांत बोलत होते ना! आणि एकदा लोकांनी पुढं पाठवलेलं रेकॉर्डिंग परत आणता येत नाही.

तोडगा सूनबाईंनी काढला. नानांना खुर्चीत बसवलं, पंखा बंद केला, आणि गोष्ट पुन्हा सांगायला लावली. सुरुवातीलाच, 'मी अमुक अमुक, एसटीत कंडक्टर होतो, माझं पुस्तक अमुक नावाचं, त्यातली ही गोष्ट.' मग कोंबडा, साहेबांनी हात करेपर्यंत. आणि शेवटी पुस्तकाचं नाव आणि फोन नंबर, गाडीतले थांबे पुकारायचे तसा, सावकाश, दोनदा. खाली लिहिलेलं चालत नाही का? नाही चालत. लोक आवाज तेवढा पुढं पाठवतात, लिहिलेलं मागं राहतं. आणि ऐकणारी बाई पोळ्या लाटत असते, तिला वाचायला हात मोकळा कुठं आहे? म्हणून पुन्हा सांगतो. तुमचं नाव, पुस्तकाचं नाव, नंबर. तिन्ही आवाजातच. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा.

साहेबांनी पुढं काय केलं ते मला विचारू नका. नानांनी मला दम दिलाय.

किती सांगायचं आणि कुठं थांबायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवावं. आपल्या पिंपळगाव-ओझरच्या रस्त्यावर द्राक्षवाला गिऱ्हाइकाच्या हातावर एक मणी ठेवतो, घड ठेवत नाही, तेवढा अंदाज पुरे. तीन मिनिटांत संपणारा एक प्रसंग निवडा. आणि कृपा करून पुस्तकाची पूर्ण पीडीएफ कुणालाही देऊ नका, पाहुण्यालाही नाही आणि परीक्षण लिहितो म्हणणाऱ्यालाही नाही. त्याला छापील प्रत द्या.

'हल्ली वाचतंय कोण' असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. याच गावातून कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेतल्या पुस्तकांच्या पेट्या निघाल्या आणि परदेशापर्यंत पोचल्या. वाचणारी माणसं आहेत. आपण साडेसहाला फोटो पाठवून त्यांची झोपमोड करतो, त्याला ते काय करतील?

आता मागणी आली की पुढं काय, ते भराभर सांगतो. लोक पैसे पाठवून स्क्रीनशॉट टाकतात आणि पत्ता द्यायला विसरतात. पत्ता दिला तर पिनकोड नसतो. तेव्हा पैसे घेतानाच पिनकोड मागा. पार्सलसाठी पोस्टात जा. 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा सुरू झाली आहे, खास पुस्तकांसाठी. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. ती जमिनीवरच्या वाहतुकीनं जाते म्हणून थोडी सावकाश, पण पार्सल कुठवर गेलं ते बघता येतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, हे मात्र बघून घ्या. स्वतः प्रकाशक असलात तर स्वतःचं छापा. पुस्तक आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, मग पुठ्ठा, मग कागद. आपल्याकडचा पाऊस पत्त्याची शाई धुऊन नेतो, म्हणून पत्ता आतही एकदा लिहा. नाना प्रत्येक प्रतीत तिकिटाएवढा जाड कागदाचा तुकडा खूण म्हणून घालतात आणि त्याला चिमट्यानं भोक पाडतात. डेपोचा चिमटा जमा करावा लागला, हा त्यांनी जुन्या बाजारातून पैदा केलाय. लोक त्या भोकाचे फोटो काढून टाकतात, पुस्तकाच्या नावासकट. त्याला नानांना दमडी पडत नाही.

ज्यांनी पुस्तक घेतलं त्यांची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच निरोप एका दमात सगळ्यांना वेगवेगळा पोचवणारी यादी. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानावरच लिहा, 'हा नंबर जतन करा'. तेच रेकॉर्डिंग एका चित्रावर चढवून यूट्यूबवर ठेवा, नाव युनिकोड मराठीत द्या. व्हॉट्सॲपवरचं चार दिवसांत खाली जातं, यूट्यूबवरचं शोधलं की सापडतं. ई-पुस्तक करायचं असेल तर ॲमेझॉनच्या किंडलवर 2016 च्या डिसेंबरपासून मराठी चालतं. फक्त भाऊ, वहिनी आणि साडू यांच्याकडून पाच-पाच चांदण्या लिहून घेऊ नका. घरच्यांचे अभिप्राय ॲमेझॉनच्या नियमात बसत नाहीत, काढून टाकतात.

आणि एक शेवटचं, जे ऐकून काही जण माझ्यावर रागावतील. 27 फेब्रुवारीला, तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, पुस्तकाची घोषणा करू नका. त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांचा पूर असतो, एकच चित्र वीस ठिकाणांहून येतं. तुमची गोष्ट त्यात कोण ऐकणार? त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक विकत घ्या. आपलं एखाद्या साध्या बुधवारी सांगा, दुपारी जेवणं आटोपल्यावर.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. नमस्कार.