जॉन्सनच्या माडीवरचा साक्षात्कार

[दृश्य : मोकळी शेतं. एक दुमजली लाकडी घर. कॅमेरा जिन्याने वरच्या खोलीत जातो.]

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हायरम नावाचं एक छोटं गाव आहे. हे तिथलं जॉन आणि एल्सा जॉन्सन यांचं घर. खाऊनपिऊन सुखी अशा शेतकऱ्याचं घर, एवढीच त्याची ओळख राहिली असती. पण 1831 च्या सप्टेंबरात पंचविशीतला एक तरुण बायको आणि दोन दत्तक तान्ह्या मुलांसह इथे राहायला आला. त्याचं नाव जोसेफ स्मिथ.

आपल्याला देव दिसला, देवदूत दिसला, असं सांगणारा हा तरुण. 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याने जे चर्च स्थापन केलं, ते आज ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ म्हणून ओळखलं जातं. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. ख्रिस्ती धर्मातल्या इतर बहुतेक पंथांच्या मते प्रकटीकरणाचा काळ बायबलबरोबर संपला. मॉर्मन म्हणतात, संपलेला नाही, देव आजही बोलतो.

अशा पंथात ज्याला दर्शन झालं तो मोठा, आणि ज्याला झालं नाही तो मागच्या रांगेत, असंच कुणालाही वाटेल. या घराचा इतिहास मात्र काही वेगळंच सांगतो.

[दृश्य : स्वयंपाकघर. चूल, लाकडी टेबल.]

सुरुवात एल्साच्या हातापासून. संधिवाताने तिचा एक हात इतका आखडला होता की तो डोक्यापर्यंत नेता येत नव्हता. 1831 मध्ये जॉन्सन नवरा-बायको ओहायोतल्याच कर्टलंड गावी जोसेफला भेटायला गेले. त्याने तिचा हात हातात घेतला, येशू ख्रिस्ताच्या नावाने ‘बरी हो’ म्हटलं आणि तो खोलीबाहेर निघून गेला. हात वर गेला. दुसऱ्या दिवशी तिने घरचे कपडे धुतले, न दुखता, अशी नोंद आहे.

हे घडलं तेव्हा तिथे एझ्रा बूथ नावाचे मेथडिस्ट पाळक हजर होते. डोळ्यांदेखत झालेला चमत्कार पाहून त्यांनी नवा पंथ स्वीकारला. पुढे त्यांना प्रचारासाठी मिझुरीला पाठवण्यात आलं. शेकडो मैल पायी, वाटेत उपदेश करत. तिथे पोहोचल्यावर जे बघायला मिळेल असं वाटलं होतं, त्यातलं काहीच दिसलं नाही. त्याच वर्षी शरद ऋतूत बूथ पंथाबाहेर पडले आणि ‘ओहायो स्टार’ या वर्तमानपत्रात त्यांनी पंथाविरुद्ध नऊ पत्रं छापून आणली.

चमत्कार बघून आलेला माणूस वर्षभरही टिकला नाही. त्याआधी थोडेच दिवस, ऑगस्टच्या अखेरीस, जोसेफने एक प्रकटीकरण लिहून घेतलं होतं. मॉर्मन धर्मग्रंथात ते आजही आहे. त्यातलं एक वाक्य असं : विश्वास चिन्हांमुळे येत नाही, चिन्हं विश्वास ठेवणाऱ्यांच्या मागून येतात.

टीकाकार म्हणतील, ही तर सोयीची पळवाट. चमत्कार झाला तर श्रेय घ्यायचं, नाही झाला तर तुझाच विश्वास कमी पडला म्हणायचं. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण जोसेफने जगापुढे आणलेला पंथाचा धर्मग्रंथ ‘बुक ऑफ मॉर्मन’ वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बूथ प्रकरणाच्या दीड वर्ष आधी, 1830 मध्ये, हा ग्रंथ छापून झाला होता आणि त्याच्या सुरुवातीलाच लामान आणि लेम्युएल हे दोघे भाऊ भेटतात. धाकट्या भावाला ते काठीने मारत असताना देवदूत प्रत्यक्ष समोर येऊन त्यांना दटावतो. देवदूत जातो न जातो तोच दोघांची कुरकुर पुन्हा सुरू. दर्शनाने माणूस बदलतोच असं नाही, हे या पंथाच्या पायाभूत ग्रंथात पहिल्या काही पानांतच येऊन जातं.

[दृश्य : वरची खोली. खिडकीतून येणारा हिवाळ्यातला उजेड.]

16 फेब्रुवारी 1832. जोसेफ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन या माडीवर बायबलच्या मजकुरावर काम करत होते. योहानाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाशी, मेलेल्यांच्या पुनरुत्थानाच्या ओळीपाशी, दोघे थांबले. आणि दोघांनाही एकाच वेळी दर्शन झालं, असं ते सांगतात.

खोलीत आणखी डझनभर माणसं होती. त्यांच्यापैकी फायलो डिबल यांनी पुढे आठवण लिहून ठेवली. जोसेफ विचारायचा, ‘मला काय दिसतंय?’, मग दिसतंय ते सांगायचा. सिडनी म्हणायचा, ‘मलाही तेच दिसतंय.’ मग सिडनी विचारायचा आणि जोसेफ दुजोरा द्यायचा. तासभर हे चाललं. बाकी कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी सिडनी पांढराफटक पडून गळून गेला, तेव्हा जोसेफ हसून म्हणाला की त्याला माझ्याइतकी सवय नाही.

डिबल यांनी स्वतः काय पाहिलं? त्या दोघांना. प्रकाश जाणवला, सामर्थ्य जाणवलं, पण दर्शन त्यांना झालं नाही. माझ्या मते त्या खोलीतली सगळ्यात महत्त्वाची माणसं ही डझनभर मंडळीच होती, कारण पुढचे जवळजवळ सगळे मॉर्मन त्यांच्याच जागी बसलेले आहेत. दर्शन दुसऱ्याचं आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा निर्णय आपला.

तो निर्णय सोपा नव्हता. दर्शनात सांगितलं होतं की मृत्यूनंतर फक्त स्वर्ग आणि नरक अशी सरळ वाटणी नाही. सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांच्या तेजासारख्या तीन पायऱ्या आहेत आणि बहुतेक माणसांना त्यातली कुठली ना कुठली मिळणार. कायमच्या नरकाच्या धाकात वाढलेल्या अनुयायांना हे पचेना. न्यूयॉर्क राज्यातल्या जेनेसीओच्या शाखेतल्या काहींनी ते साफ नाकारलं. पुढे जोसेफचा वारसदार झालेला ब्रिगहम यंग सांगायचा की सुरुवातीला ते त्याच्याही गळी उतरलं नव्हतं. ते बाजूला ठेवून, प्रार्थना करत, विचार करत त्याला बराच काळ घालवावा लागला.

म्हणजे साक्षात्काराने विश्वासाचं काम हलकं केलं नाही, उलट वाढवलं.

[दृश्य : रात्र. घराचा दरवाजा. पेटत्या पलित्यांचा उजेड.]

पाच आठवड्यांनी, 24 मार्चच्या रात्री, जमाव या घरात घुसला. जोसेफला ओढत बाहेर नेलं, अंगाला डांबर फासलं, वर पिसं चिकटवली. त्या जमावात काही पूर्वाश्रमीचे अनुयायी होते. मित्रांनी रात्रभर बसून डांबर खरवडून काढलं, त्याबरोबर कातडीही निघाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जोसेफ प्रवचनाला उभा राहिला आणि आदल्या रात्रीचे काही हल्लेखोर समोर बसलेले त्याने पाहिले. दत्तक जुळ्यांपैकी गोवराने आजारी असलेलं बाळ त्या रात्रीच्या थंडीनंतर काही दिवसांत गेलं.

जॉन्सनांची दोन मुलं, ल्यूक आणि लायमन, 1835 मध्ये बारा प्रेषितांच्या मंडळात निवडली गेली. पुढच्या वर्षी कर्टलंडच्या मंदिरात येशू, मोशे आणि एलिया दिसल्याचं जोसेफ आणि त्याचा जुना सहकारी ऑलिव्हर काउडरी यांनी सांगितलं. पंथाच्या इतिहासातला हा दर्शनांचा सुकाळ. त्याच्या पुढच्या वर्षी, 1837 मध्ये, जोसेफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेली कर्टलंडची बँक बुडाली. लोकांचे पैसे गेले, जोसेफवरचा भरवसाही गेला. ल्यूक गेला, लायमन गेला, आणि 1838 च्या एप्रिलमध्ये काउडरीलाही काढून टाकण्यात आलं. मंदिरात पडद्याआड जोसेफच्या शेजारी बसून ज्याने येशूला पाहिलं, तोच हा काउडरी.

[दृश्य : मिझुरीतलं रिचमंड गाव. जुनं छापील चोपडं.]

यातला सगळ्यात अवघड माणूस म्हणजे डेव्हिड व्हिटमर. ‘बुक ऑफ मॉर्मन’ मुळात ज्यांवर कोरलेला होता असं मानतात, ते सोन्याचे पत्रे देवदूताने आपल्याला दाखवले आणि देवाची वाणी आपण ऐकली, असं सांगणारे तीन साक्षीदार होते : काउडरी, मार्टिन हॅरिस आणि व्हिटमर. त्यांची साक्ष आजही या ग्रंथाच्या प्रत्येक प्रतीत छापली जाते. 1838 संपायच्या आत तिघेही पंथाबाहेर होते. काउडरी आणि हॅरिस पुढे परतले. व्हिटमर कधीच परतला नाही, पण आपली साक्षही त्याने कधी मागे घेतली नाही. 1888 मध्ये मरेपर्यंत जो विचारेल त्याला तो हेच सांगत राहिला की मी पाहिलं, मी ऐकलं.

आता पेच पाहा. मरणाच्या आदल्या वर्षी त्याने एक पुस्तिका छापली. तिच्यात त्याचं म्हणणं असं : माझी ‘बुक ऑफ मॉर्मन’बद्दलची साक्ष तुम्ही मानता ना? देव आम्हा तिघांशी स्वतःच्या आवाजात बोलला, हे मानता ना? मग ऐका, 1838 च्या जूनमध्ये तोच देव त्याच आवाजात माझ्याशी पुन्हा बोलला आणि म्हणाला, या लोकांपासून वेगळा हो.

निव्वळ दर्शनाच्या बळावर पंथ चालवायचा तर व्हिटमरला उत्तर देता येत नाही. ज्याच्या शब्दावर तुमचा ग्रंथ उभा, तोच माणूस त्याच शब्दाने तुम्हाला सोडून जातो.

खरं तर हा धोका जोसेफच्या फार लवकर लक्षात आला होता. चर्च सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा व्हिटमरचाच मेव्हणा हायरम पेज एका दगडातून प्रकटीकरणं मिळतात म्हणू लागला आणि लोक त्याच्याभोवती जमू लागले. तेव्हा जोसेफने जाहीर केलेल्या प्रकटीकरणात नियम घातला गेला : संपूर्ण चर्चसाठी प्रकटीकरण एकाच माणसाला मिळेल. बाकीच्यांना देवाचं मार्गदर्शन जरूर मिळावं, पण ते स्वतःपुरतं, आपल्या घरापुरतं, आपल्याकडे असलेल्या जबाबदारीपुरतं. दारं सताड उघडी ठेवली असती तर हा पंथ चार-दोन वर्षांत विखुरला असता, असं मला वाटतं. त्यात सत्तेचा हिशेब होता का? असणारच. पण सामान्य अनुयायाच्या वाट्याला जे काम उरलं, ते ऐकण्याचं, पारखण्याचं आणि विश्वास ठेवण्याचं.

मार्च 1831 च्या एका प्रकटीकरणात तर हे स्पष्टच आहे. येशू हा देवाचा पुत्र आहे हे काहींना पवित्र आत्म्याकडून कळतं, आणि इतरांना त्यांच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याचं दान मिळतं. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येणं, हेही दानच मोजलंय.

[दृश्य : आजची एक प्रार्थनासभा. बाकांवर कुटुंबं, लहान मुलं.]

आजच्या मॉर्मन जीवनात हे कसं दिसतं? महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. सभेत त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं, ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. तिथे ‘मला देव दिसला’ असं म्हणणारा विरळा. बोलणं नोकरीचं, आजारपणाचं, रुसलेल्या पोराचं असतं. आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य : हे चर्च खरं आहे, हे मला ठाऊक आहे.

‘ठाऊक आहे’ म्हणण्याचा हा आग्रह काहींना जाचतो. 2013 मध्ये चर्चच्या सर्वसाधारण परिषदेत जेफ्री हॉलंड या ज्येष्ठ प्रेषिताने एका 14 वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली. तो मुलगा चाचरत म्हणाला की चर्च खरं आहे हे मला ठाऊक आहे असं मी अजून म्हणू शकत नाही, पण तसा माझा विश्वास आहे. हॉलंडनी त्याला कडकडून मिठी मारली आणि सांगितलं की विश्वास ठेवतो म्हणायची लाज कधी बाळगू नकोस. जोसेफला पहिलं दर्शन झालं असं मानतात तेव्हा तोही 14 वर्षांचाच होता.

या पहिल्या दर्शनाशिवाय चर्चचं भागत नाही, हे मात्र खरं. गॉर्डन हिंकली अध्यक्ष असताना 2002 मध्ये म्हणाले होते की आपलं सगळं बळ त्या दर्शनाच्या खरेपणावर आहे, ते एक तर घडलं किंवा घडलं नाही.

[दृश्य : 1978 ची कृष्णधवल छायाचित्रं. मग नायजेरियातलं एक खेडं.]

पण विसाव्या शतकात या चर्चने केलेला सगळ्यात मोठा बदल दर्शनाविना झाला. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्य न देण्याचा दंडक 1852 पासून होता. जून 1978 मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी तो उठवला. त्या वेळी खोलीत असलेल्या हिंकलींनी पुढे सांगितलं की कानाला ऐकू येईल असा आवाज आला नाही, आत्म्याची कुजबुज मनात उमटली. सप्टेंबरच्या अखेरीस परिषदेत लोकांनी हात वर करून तो निर्णय मान्य केला.

तिकडे नायजेरियात अँथनी ओबिना नावाचे शिक्षक याच निर्णयाची वाट पाहत होते. त्यांना 1965 मध्ये स्वप्नात एका माणसाने एक देखणी इमारत दाखवली होती. पुढे ‘रीडर्स डायजेस्ट’चा एक जुना अंक चाळताना तीच इमारत छायाचित्रात दिसली : सॉल्ट लेक सिटीचं मॉर्मन मंदिर. त्यांनी अमेरिकेला पत्र लिहिलं. तुमच्या देशात प्रचारक पाठवायची परवानगी अजून नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. ते पुन्हा लिहीत राहिले. भाऊ, शेजारी, गावकरी जमवून, मिळतील ती पुस्तकं वाचून, कुणी पाठवलेलं नसताना ते सभा भरवत राहिले. लोक हसले, त्रासही दिला.

स्वप्न एका रात्रीचं होतं. 21 नोव्हेंबर 1978 रोजी ओबिना आणि त्यांच्याबरोबर आणखी 18 जणांचा बाप्तिस्मा झाला, तोवर तेरा वर्षं उलटली होती. त्याच दिवशी गावात शाखा स्थापन झाली. ओबिना तिचे अध्यक्ष झाले आणि महिला मंडळाचा कारभार त्यांच्या पत्नी फिडेलिया यांच्याकडे आला.