लाटा जिथे थांबतात: बंगारम बेटावरचे तीन दिवस

(विमानाच्या खिडकीतून)

कोची सोडल्यापासून खाली नुसता गडद निळा समुद्र. बराच वेळ बघण्यासारखं काहीच नाही. मग त्या निळ्यावर एक पोपटी डाग उमटतो. त्याच्या कडेने पांढरी किनार आणि एका बाजूला माडांची अरुंद पट्टी. ती पट्टी म्हणजे लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट; बंगारमला इथून पुढे होडीने जायचं. धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकावर, सुमारे १,२०० मीटर लांब. पाणी दोन्ही बाजूंनी इतकं जवळ येतं की चाकं टेकेपर्यंत विमान समुद्रातच उतरतंय असं वाटतं.

पण नजर त्या पांढऱ्या किनारीवर ठेवा. पुढचे तीन दिवस आपण जो आराम करणार आहोत, तो सगळा त्या रेषेच्या जिवावर.

(होडीतून, बंगारम जवळ येताना)

लक्षद्वीपमध्ये १० बेटांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरते. प्रवाळांच्या कंकणाआड शांत राहिलेलं उथळ पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते मात्र ४,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे इथे यायचं ते मुख्यतः पाण्यासाठीच.

बंगारमवर गाव नाही. पर्यटकांसाठी मोजकी राहण्याची सोय, माडांची गर्दी आणि भोवती पुळण. परवाना घेऊनच इथे येता येतं, त्यामुळे माणसं मोजकीच. सावकाश चालत निघालात तरी दीड तासाच्या आत आपण आपल्याच पावलांच्या ठशांपाशी परत येतो.

(सकाळ. स्थिर पाणी. माडांना बांधलेली झोळी.)

हे पाणी बघा. काही बोलत नाही, थोडा वेळ फक्त बघा.

...

आता कान द्या. दूरवर एक गाज ऐकू येतेय, सलग, न थांबणारी. अरबी समुद्राच्या लाटा तिकडे, प्रवाळभिंतीवर फुटतायत. जगभरातल्या प्रवाळभिंतींवरची मोजमापं एकत्र करून २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा भिंत अंगावर घेते. उरलेली तीन टक्के आपल्या पायाशी येते. झोळीत डोळा लागतो तो त्यामुळे.

(ड्रोन: बेट, लगून, कंकण)

हे कंकण आलं कुठून? त्याची गोष्ट आपल्या सह्याद्रीपाशी सुरू होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतातून दख्खनचा लाव्हा वाहिला, आपले काळे कातळ घडले, त्याच स्रोतावरून भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला. मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उरली: लक्षद्वीप, मालदीव आणि त्याच्या दक्षिणेची छागोस बेटं. तो स्रोत आज मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली आहे, असं भूवैज्ञानिक मानतात. रायगडाचा कातळ आणि या बेटाचा पाया एकाच चुलीवरचे. मला तरी हे कळल्यावर या पुळणीवर परकं वाटेनासं झालं.

ज्वालामुखी विझले की हळूहळू खचतात. त्यांच्या कडेने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर चढत राहतात. डोंगर बुडतो, कंकण उरतं. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये हे मांडलं, तेव्हा हाताशी पुरावा फार थोडा होता. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर संशोधक भोक पाडत गेले. १,२०० मीटरहून जास्त प्रवाळी चुनखडक ओलांडल्यावर खाली ज्वालामुखीचा खडक लागला. एवढी उंच भिंत, आणि बांधणारे जीव काही मिलिमीटरचे.

(पाण्याखाली. पोपटमासा.)

हा कर्र, कर्र आवाज पोपटमाशाचा. दात एकमेकांना जुळून त्यांची चोच झालेली. तो प्रवाळाचा खडक खरवडतो, त्यावरचं आणि त्यातलं शेवाळ खातो. घशात दातांची दुसरी जोडी असते, अगदी जात्यासारखी. खडक तिथे दळला जातो. आणि मग... हे बघा, मागे सुटलेला पांढरा ढग.

ती वाळू आहे.

मालदीवच्या वक्करू बेटाभोवती २०१५ मध्ये अभ्यास झाला. तिथल्या प्रवाळभिंतीच्या बाहेरच्या सपाटीवर दरवर्षी तयार होणाऱ्या नव्या वाळूतला ८५ टक्क्यांहून अधिक वाटा पोपटमाशांचा निघाला. उरलेल्यात हॅलिमेडा नावाचं चुनखडी शेवाळ बरंच. एक मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू पाडू शकतो. आपण ज्या पुळणीवर टॉवेल अंथरतो, ती माशांनी दळलेली आहे. लाटा ती उचलून आत आणतात, वारा रचतो, माड मुळांनी धरून ठेवतो. प्रवाळाचा चुराच तो, म्हणून तर ती भर दुपारी डोळे दिपवण्याइतकी पांढरी दिसते.

(बेटाच्या मध्यभागी. तळं, केतकीची बनं.)

बेटाच्या पोटात एक लांबट तळं आहे, मचूळ पाण्याचं. काठाने केतकी. सगळीकडून खारा समुद्र असताना इथे माड जगतो कसा? पाऊस वाळूत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. बेट जितकं लहान, तितकं हे भिंग पातळ. उपसा जास्त झाला की खारं पाणी वर चढतं आणि मग गोडं व्हायला कैक पावसाळे जातात. खोलीतला नळ उघडा ठेवताना हे तळं आठवावं, एवढीच विनंती.

(संध्याकाळ. उथळ पाण्यात कासव. पुळणीवर शंख वाहणारे खेकडे.)

हिरवं कासव. सागरी गवत चरतंय. श्वास घ्यायला वर येतं, आपल्याकडे बघतं, पुन्हा खाली जातं.

आणि हा शंखातला खेकडा. त्याचं अंग मऊ असतं, म्हणून दुसऱ्याने सोडलेला शंख हेच त्याचं घर. वाढला की मोठा शंख शोधावा लागतो. आपण आठवण म्हणून खिशात टाकतो, ते यातल्याच कुणाचं तरी पुढचं घर. दगडी प्रवाळाचा तुकडा उचलणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

(फिके, पांढरे प्रवाळ)

१९९८, २०१०, २०१६: पाणी तापलं, प्रवाळांनी अंगात राहून अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर टाकलं आणि रंग गेला. लक्षद्वीपच्या अभ्यासलेल्या भिंतींवर जिवंत प्रवाळांचं आच्छादन १९९८ मध्ये ३७ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२२ मध्ये २० टक्क्यांच्या खाली आलं. याच बंगारमच्या कंकणातलं परळी-१ नावाचं एक छोटं बेट समुद्राने झिजवलं, ते आता नाही.

...

(परतीची होडी)

नावाडी पुढे उभा आहे. हातात नकाशा नाही, रंग बघतो. फिकट हिरवं म्हणजे वाळू, खुशाल जा. तपकिरी दिसलं की खाली प्रवाळ, वळसा घाला. गर्द निळं म्हणजे खोल. उजवीकडे, जरा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. इंजिनाचा वेग उतरवून तो भिंतीतल्या फटीपाशी येतो. दोन्ही बाजूंना फेस, मध्ये होडीपुरती वाट.

भिंत मागे पडली. होडी डोलायला लागली.