वाटी घेऊन मागं धावणं सोडलं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळी साडेसात-आठला सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीतनं चालत जा. एखाद्या तरी घरातनं आवाज येतोच, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा, एवढा एकच घे रे!" आमच्या घरात दोन वर्षं हेच चाललं होतं. हातात वाटी घेऊन नातवाच्या मागं जिन्यापर्यंत धावणारी बाई म्हणजे मीच.

सोन्या तेव्हा चार वर्षांचा. भाकरी खायचा, दूध प्यायचा, शेंगाचटणीत दही कालवून दिलं की वाटी चाटूनपुसून साफ. पण ताटात हिरवं काही दिसलं की ओठ घट्ट मिटले. भाकरीला मेथीचं एक पान चिकटलेलं असलं तरी ते नखानं काढून बाजूला ठेवायचा. मला वाटायचं, पोरगं लाडानं बिघडलंय. सुनेला वाटायचं, आपल्याच हाताला चव नाही. ऐकणाऱ्या आयांनो, तुमच्या हाताचा यात काही दोष नाही, आणि लेकराचाही नाही.

साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात बहुतेक मुलं अनोळखी पदार्थाला घाबरतात. मूल चालायला लागलं की दिसेल ते तोंडात घालू शकतं, आणि रानातला कडू पाला विषारी असू शकतो. म्हणून ही भीती निसर्गानंच घातली असावी, असं अभ्यासक मानतात. त्यातून लहान मुलांना कडवटपणा आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. आपल्याला मेथी जराशी कडसर लागते, त्याला ती कडूजहर लागत असेल. आणखी एक गोष्ट आम्ही आज्या विसरतो. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. पुढं दोन वर्षांनंतर ते वर्षाला दोनेक किलोच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. आम्ही मात्र "पोरगं वाळलं, पोरगं वाळलं" म्हणत सुनेच्या जिवाला घोर लावतो.

एक दिवस सून म्हणाली, "आत्या, आठ दिवस त्याला काहीच म्हणायचं नाही. वाढायचं आणि आपण आपलं जेवायचं." मला पटलं नाही. दोन दिवस तर माझाच घास घशाखाली उतरेना. पण ती ठाम होती. काय शिजवायचं, कधी आणि कुठं बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय आणि किती खायचं, हे लेकरानं. त्याच्या ताटात ओळखीची भाकरी आणि चटणी असायचीच, आणि कडेला एक मोठा चमचा भाजी. जास्त नाही. वाटीभर भाजी बघूनच मूल हबकतं. दोन जेवणांच्या मधली बिस्किटं आणि चिवडा बंद केला, दूधही बेतानं द्यायला लागलो. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं तर पोटात जागा उरायची कुठनं?

नवी चव ओळखीची व्हायला मुलाला ती ८ ते १५ वेळा भेटावी लागते, कधी त्याहूनही जास्त. आपण तीनदा करून बघतो आणि "याला दोडका आवडतच नाही" असं त्याच्यासमोरच जाहीर करून टाकतो. मग तोही तेच म्हणत राहतो. नुसता हात लावला, वास घेतला, जिभेला लावून थुंकलं, तरी ती एक भेट झाली. रागवायचं नाही, आणि खाल्लं तर टाळ्याही पिटायच्या नाहीत. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" हे तर मुळीच नको. त्यानं चॉकलेट आणखी गोड होतं आणि भाजी आणखी शिक्षेसारखी. मोबाईल दाखवून भरवलेलं पोटात जातं खरं, पण काय खाल्लं ते त्याला कळतच नाही.

आता चुलीपाशी येऊ, कारण आपल्या सोलापूरच्या स्वयंपाकात यावरचं औषध आहेच. शेंगदाण्याचा कूट! मेथीची पातळ भाजी मूगडाळ घालून करा, लसणाची फोडणी द्या आणि कुटाचा हात सढळ ठेवा. कडवटपणा मवाळ होतो, आणि ज्या शेंगाचटणीवर त्याचा जीव आहे तिचीच चव भाजीत सापडते. वरून लिंबू पिळा, म्हणजे पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. दुसरी अंबाडी. कन्नड घरात तिला पुंडी म्हणतात, तेलुगू घरात गोंगुरा. पुष्कळ मुलांना आंबट आवडतं, म्हणून मी तर म्हणेन की पालेभाजीची सुरुवात अंबाडीनं करा. आणि आमटीतली शेवग्याची शेंग! ती दातानं ओढून खाताना मूल विसरूनच जातं की ही भाजी आहे. फक्त शेंगेतल्या शिरा गिळू नये म्हणून जवळ बसा. अख्खे शेंगदाणे आणि कच्च्या गाजराचे तुकडे मात्र चार वर्षांच्या आत देऊ नका, घशात अडकतात.

थालिपिठात दुधी किसून घालता? जरूर घाला, पण सांगून घाला. चोरून घातलेलं एकदा उघडकीला आलं की थालिपीठही सुटतं.

थंडीत आम्ही हुरड्याला मंगळवेढ्याकडं पाहुण्यांच्या शेतावर गेलो होतो. तिथं सोन्यानं हरभऱ्याचे घाटे स्वतः तोडले, सोलले आणि खाल्ले. पाल्याला लागलेली आंब बोटानं चाटली. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मंडईत त्याला बरोबर नेते. जुडी त्यानं निवडायची, घरी येऊन पानं त्यानं खुडायची. भोगीच्या भाजीतलं गाजर त्यानंच धुतलं होतं. वांगं बाजूला ठेवलं, गाजर खाल्लं.

मात्र वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, किंवा मूल मोजून चार-पाचच पदार्थांवर आलं असेल, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सोन्या आता साडेपाच वर्षांचा आहे. अंबाडी खातो, मेथी खातो, दोडक्याची फक्त चटणी खातो. परवा शेपू केला होता. त्यानं एक काडी तोंडात घातली आणि म्हणाला, "आजी, हे कसंतरीच लागायलंय." मी म्हटलं, "बरं." ती सहावी वेळ होती. उद्या सातवी, जुडी निवडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे.

नमस्कार.