५२ वजा २७

(दृश्य : जिल्हा परिषद शाळा, तिसरीचा वर्ग. वहीचं पान जवळून.)

५२ वजा २७. या मुलीचं उत्तर आहे ३५. साताच्या वर दोन आहेत, मग सातातूनच दोन वजा केले. मोठ्यातून लहान काढायचं, एवढं तिच्या मनात पक्कं बसलंय. पुढचं गणित, ६१ वजा ४८. उत्तर २७. त्याच्या पुढचं, ७० वजा ३६. उत्तर ४६. अशी दहा गणितं. वर्गात चाळीस मुलं, वह्या तपासून मिळणार उद्या. तोवर चुकीची रीत दहा वेळा गिरवून झालेली असेल.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स.)

नोव्हेंबर १९५३. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर धाकट्या मुलीच्या शाळेत पालक म्हणून गेले. चौथीचा गणिताचा तास चालू होता. मागच्या बाकावर बसून त्यांनी पाहिलं, की आपण सोडवलेलं बरोबर की चूक, हे मुलांना लगेच कळत नाही. ज्याचं झालं तो रिकामा बसलाय, ज्याला जमत नाही तो अडकलाय, आणि सगळ्यांना एकाच चालीने हाकलं जातंय. चूक बाईंची नव्हती. इतक्या मुलांजवळ एकाच वेळी एक माणूस पोहोचणार कसा?

काही दिवसांतच त्यांनी एक यंत्र तयार केलं. पेटीच्या खिडकीत गणित दिसायचं, सरकपट्ट्यांनी उत्तर लावायचं, मूठ फिरवायची. बरोबर असेल तर मूठ फिरते, चूक असेल तर अडते. त्याच क्षणी.

(दृश्य : अध्यापक विद्यालय, फळ्यावर आकृत्या.)

वर्तनवाद म्हणजे बाहेर दिसणाऱ्या वागण्यावरून शिकणं समजून घेणारा मानसशास्त्रातला विचार; स्किनर त्यातलेच. आपल्याकडे डी.एड., बी.एड.ला तो शिकवतात तो पावलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर आणि स्किनरचं कबूतर असा. या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतले प्राणी लक्षात राहतात, पण त्यांच्यामागचा विचार वर्गापर्यंत येत नाही, याचं फार वाईट वाटतं. कारण तो विचार शिक्षकाच्या रोजच्या कामाचा आहे. ज्या कृतीचं फळ लगेच मिळतं, ती कृती टिकते. म्हणून पायऱ्या लहान ठेवा, आणि प्रत्येक पायरीवर मुलाला कळू द्या, की जमलं.

सरावाचंही तसंच. थॉर्नडाइक आधी मानत, की नुसत्या पुनरावृत्तीनेही शिकणं पक्कं होतं. पुढे त्यांनी माणसांना डोळे बंद करून ठरावीक लांबीच्या रेघा काढायला लावल्या, पुन्हा पुन्हा. रेघ किती चुकली हे सांगितलंच नाही, तेव्हा सुधारणाही झाली नाही. आपला जुना नियम त्यांनी स्वतःच बदलला. पाढे वीस वेळा लिहून आणायला सांगताना हे आठवायला हवं.

आणि छडी? वर्तनवादाच्या नावावर ती खपवू नये. स्किनर आयुष्यभर शिक्षेच्या विरोधात बोलत राहिले. शिक्षेने वागणं तात्पुरतं दबतं, नवं काही शिकून होत नाही, हे त्यांचं म्हणणं. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं आजही परीक्षेत लिहिलं जातं. ते चूक आहे. नकोसं काही दूर झाल्याने कृती बळावते, ते ऋण प्रबलन. आपल्याकडे शारीरिक शिक्षेला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे.

(दृश्य : बालवाडी, रंगीत पेनं.)

बक्षिसालाही मर्यादा आहे. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढण्याची आवड असलेली लहान मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी तीच मुलं आपणहून चित्रांकडे इतरांपेक्षा बरीच कमी वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणून जे मूल हौसेने वाचतंय, त्याच्या हातावर चॉकलेट ठेवायची घाई नको.

(दृश्य : पुन्हा तिसरीचा वर्ग. बाई बाकाशेजारी खाली बसतात.)

स्किनरच्या यंत्राची मूठ अडली की चुकलं हे कळतं. का चुकलं, हे ती मूठ सांगत नाही. तिथे बाई लागतात. त्यांनी काड्या आणल्यात. दहादहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या.

"यातल्या सत्तावीस मला दे बरं."

मुलगी दोन गठ्ठे देते. मग दोन सुट्या. मग थांबते. हातात तीन गठ्ठे, आणि बाईंचा हात अजून पुढेच. ती एका गठ्ठ्याचं रबर काढते, पाच काड्या मोजून देते.

"बरोबर! आता तुझ्याकडे किती?"

"दोन गठ्ठे... आणि पाच. पंचवीस."

ती वहीकडे बघते. ३५ खोडते. मग कुणी न सांगता खालच्या ६१ वजा ४८वर बोट ठेवते.