याचं साल कितीचं?

[पडद्यावर: रात्रीचा अंधार. केळीच्या बागेतून येणारा मोटरचा आवाज. मोटरच्या खोलीत एकच पिवळा बल्ब.]

यावल तालुका. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी. इथं मोटर बंद पडली तर लोक म्हणतात, ‘रुसली’. चढावर ट्रॅक्टर ‘दमतो’. जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात, आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी त्या घरोटाशी घरच्या माणसासारख्या बोलल्या. राबणाऱ्या वस्तूशी बोलायचं असतं, हे खान्देशात कोणाला शिकवावं लागत नाही.

त्यामुळे माणसासारखा वागणारा यंत्रमानव कॉमिक्समध्ये पहिल्यांदा दिसला, तेव्हा मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. डोक्यात रुतून बसला तो प्रश्न, जो आबांनी त्याच्याकडे बघून विचारला.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. मामा भुसावळला रेल्वेत. सुट्टी संपवून गावी परतायचं त्या दिवशी स्टेशनवर मामा कॉमिक्सचा एक गठ्ठा घेऊन द्यायचे, बहुतेक हिंदी. त्यात एकदा राज कॉमिक्सचा इन्स्पेक्टर स्टील आला. मेंदू माणसाचा, अंग पोलादाचं, अंगावर पोलिसाची वर्दी. ते पुस्तक मी आठवडाभर खाली ठेवलं नाही.

आबा आमचे सालदार. बाहेरच्यांसाठी सांगतो: खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं. वर्षभराच्या कामाचे पैसे एकरकमी बोलायचे, थोडी उचल घ्यायची, आणि पुढच्या आखाजीपर्यंत तो माणूस त्या घरचा. पाणी भरणं, केळीची पिलं कापणं, घडाला टेका देणं, बैल, गोठा, रात्रीची लाइट. सगळं त्याच्याकडे. आबा माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठे होते. वडील त्यांना ‘तू’ म्हणायचे. आम्ही पोरं ‘आबा’ म्हणायचो.

त्या रात्री लाइट दोन वाजता येणार होती. मी हट्टानं आबांबरोबर मळ्यात गेलो. मोटर सुरू झाली, पाणी पाटाला लागलं आणि आम्ही बल्बखाली बसलो. आबांना वाचता येत नव्हतं. मी चौकटीवर बोट ठेवून गोष्ट सांगत होतो: हा कधी दमत नाही, झोपत नाही, गोळी लागली तरी पडत नाही, सांगितलेलं काम सोडत नाही. आबांनी पुस्तक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, त्या पोलादी चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

“याचं साल कितीचं रे भाऊ?”

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

[पडद्यावर: जुन्या नाटकाच्या छापील पानाचं चित्र. मग हळूहळू कोरी चौकट.]

पुढं पुण्याला शिकायला गेलो तेव्हा कळलं, आबांनी नेमकं मुळावर बोट ठेवलं होतं. ‘रोबो’ हा शब्द आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून. नाटक १९२० साली छापलं गेलं, १९२१ मध्ये प्रागच्या रंगमंचावर आलं. शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीनं करायचं काम. मराठीत त्याला शब्द शोधावा लागत नाही, तो आहेच. वेठ. आपण ‘यंत्रमानव’ हा शब्द केला तो चांगलाच आहे, पण त्यात वेठ दिसत नाही. ‘वेठबिगार’ म्हटलं असतं तर मूळ शब्दाच्या जास्त जवळ गेलो असतो.

आणि कॉमिक्समध्ये हा वेठबिगार आला की गोष्ट फिरून फिरून एकाच जागी येते. तो माणसासारखा वागायला लागतो, आणि आजूबाजूची माणसं काय करतात ते आपल्याला बघावं लागतं.

१९३९ चं उदाहरण घ्या. अमेरिकेत मार्व्हल कॉमिक्सचा पहिला अंक. त्यात कार्ल बर्गोस यानं काढलेला ह्यूमन टॉर्च. नाव ‘मानवी’, पण तो माणूस नाही. एका प्राध्यापकानं घडवलेला कृत्रिम मानव, हवा लागली की पेट घेणारा. लोक घाबरतात आणि त्याला काँक्रीटमध्ये बंद करतात. त्यानं तोवर कोणाचं काही बिघडवलेलं नसतं. बाहेर आल्यावर तो पुढं माणसाचं नाव घेतो आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांत दाखल होतो.

पण मला जपानच्या अॅटमविषयी बोलायचंय. आपल्याकडे तो अॅस्ट्रो बॉय म्हणून माहीत आहे.

[पडद्यावर: शाळेचं दप्तर, रिकामा बाक. खिडकीतून येणारं ऊन.]

ओसामू तेझुका. शिक्षणानं डॉक्टर. कोवळ्या वयात त्यांनी ओसाकावर पडलेले बाँब पाहिले. १९५१ साली एका मुलांच्या मासिकात त्यांनी हा पोरगा पहिल्यांदा आणला, आणि १९५२ पासून १९६८ पर्यंत तो त्याच्या स्वतःच्या मालिकेत राहिला. ताकद एक लाख अश्वशक्ती. पण ती बाजूला ठेवा. त्याचा जन्म कसा झाला ते ऐका.

डॉक्टर तेनमा नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा, तोबिओ, गाडीच्या अपघातात जातो. बाप वेडापिसा होतो. सगळं विज्ञान खाते कामाला लावून तो त्या मुलासारखाच हुबेहूब रोबो बनवतो. त्याला मुलगा म्हणतो, सांभाळतो, शिकवतो. सुरुवातीला सगळं ठीक चालतं. मग एक दिवस त्या बापाच्या लक्षात येतं की हा वाढत नाही. उंची तेवढीच, चेहरा तोच. आणि ज्याला दुःखापोटी जन्माला घातलं, त्यालाच तो सर्कशीला विकून टाकतो.

विकून टाकतो. हे वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीत बाप मुलाला विकतो, का, तर तो वाढत नाही. त्यात पोराचा दोष काय? रुसणारं, शाळेत जाणारं, आईबाप हवेत म्हणणारं ते पोर यंत्र आहे. आणि ज्याच्या अंगात रक्त आहे तो त्याचा सौदा करतो. पुढं प्राध्यापक ओचानोमिझू त्याला सर्कशीतून सोडवतात, शाळेत घालतात, त्याला रोबो आईवडील बनवून देतात. तेझुकांनी त्या पोराच्या तोंडी मोठमोठी भाषणं घातली असती तर कोणी लक्षात ठेवलं नसतं. त्यांनी त्याला दप्तर दिलं.

चित्रकाराची एक अडचण इथं सांगायला हवी. लोखंडाच्या तोंडाला हसू कसं काढायचं? कपाळाला आठी नाही, गालाला खळी नाही. म्हणून हातखंडा असलेले चित्रकार चेहऱ्याच्या नादी लागत नाहीत. ते मान किंचित खाली झुकवतात, खांदे उतरवतात, बोटं अर्धवट मिटलेली काढतात. बोलण्याचा फुगा पुष्कळदा चौकोनी काढतात, म्हणजे आवाज कोरडा आहे हे डोळ्यांना ऐकू येतं. आणि दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते तिथं बाकीचं वाचणारा भरतो. जीव आपण घालतो. रुसलेल्या मोटरमध्ये घालतो तसाच.

मार्व्हलचा कृत्रिम मानव व्हिजन १९६८ चा. बाकीच्या नायकांचा नाश करण्यासाठी बनवलेला. तेच नायक त्याला आपल्यात घेतात, आणि अंकाच्या शेवटच्या पानावर, पानभर चित्रात, त्या लाल चेहऱ्यावर एक अश्रू आहे. रॉय थॉमस यांची कथा, जॉन बुसेमा यांचं चित्र. त्याला कोणी जिंकलं नाही, हरवलं नाही. ‘ये, बस आमच्यात’ एवढंच म्हटलं, आणि त्याचा बांध फुटला.

[पडद्यावर: जुनं मातीचं घर. गोठ्याच्या भिंतीतली देवळी. तिच्यात पालथा ठेवलेला, कान तुटलेला कप.]

हा कप आमच्या घरातला आहे.

आबांचा चहा याच कपात व्हायचा. प्यायचा, स्वतः विसळायचा, देवळीत पालथा ठेवायचा. घरातल्या बारा कपांत तो कधी मिसळला नाही. कोणी आबांवर ओरडलं नाही, कोणी कधी काही बोललंच नाही. मी त्यांच्या खांद्यावर बसून मळा पाहिला, त्यांच्या भाकरीतला घास खाल्ला, पण तो कप तिथं का आहे हे मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

तो कप मला पुन्हा दिसला एका अमेरिकन कॉमिकच्या पानावर. १९५३ सालची, सात पानांची गोष्ट. इसी कॉमिक्सच्या अंकातली. लेखन अल फेल्डस्टाइन, चित्रं जो ऑरलँडो.

फक्त रोबोंची वस्ती असलेला एक ग्रह. पृथ्वीवरून टार्लटन नावाचा अंतराळवीर तपासणीला येतो. हे रोबो आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात सामील व्हायच्या लायकीचे झालेत का, ते त्याला ठरवायचंय. अंतराळवीराचा पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, चेहरा दिसत नाही. एक नारिंगी रोबो त्याला मोठ्या अभिमानानं कारखाना दाखवतो. मग कळतं की गावाच्या पलीकडं निळे रोबो राहतात. ते बसमध्ये मागं बसतात. त्यांचा कारखाना वेगळा, कामं हलकी. टार्लटन बघतो तर आतली तार न् तार तीच आहे. फरक वरच्या पत्र्याच्या रंगाचा, आणि तयार झाल्यावर कोणाला काय शिकवलं जातं याचा. तो निर्णय देतो: तुम्ही अजून तयार नाही. यानात परततो, शिरस्त्राण काढतो. शेवटच्या चौकटीत एका काळ्या माणसाचा चेहरा आहे आणि त्यावर घामाचे थेंब, दूरच्या ताऱ्यांसारखे चमकणारे.

अमेरिकेतल्या अलाबामात रोझा पार्क्स ही काळी बाई गोऱ्यासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही तो डिसेंबर १९५५. ही गोष्ट त्याच्या अडीच वर्षांहून जास्त आधीची.

१९५६ च्या सुरुवातीच्या अंकात ती पुन्हा छापायची ठरली, तेव्हा अमेरिकेत कॉमिक्सवर नियमावली बसली होती. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं सांगितलं, हा माणूस काळा चालणार नाही. प्रकाशक विल्यम गेन्स अडून बसले. तो काळा आहे हीच तर गोष्ट आहे. फेल्डस्टाइन यांनी पुढं सांगितलं की मग त्या अधिकाऱ्यानं घामाचे थेंब तरी काढा म्हणून धरलं. तेही काढले नाहीत. गोष्ट होती तशी छापली गेली, आणि तो इसीचा शेवटचा कॉमिक अंक ठरला.

घाम काढा म्हणे! त्या पानावर घाम येणारा तो एकटाच आहे. बाकी सगळे पत्र्याचे.

केळीचा चीक कपड्याला लागला की डाग कधी जात नाही. आबांचा सदरा पाठीपासून खिशापर्यंत त्या काळ्या डागांनी भरलेला असायचा, आणि त्यावर घाम. सात पानांच्या त्या गोष्टीची शेवटची चौकट पाहिली आणि मला तो सदरा आठवला. मग कप. मग ‘साल कितीचं?’

[पडद्यावर: दुपार. घरात टीव्हीचा आवाज, चटईवर बसलेली लहान मुलगी, पाठमोरी.]

माझी मुलगी डोरेमॉनची. खान्देशातली तिच्या वयाची पोरं शाळेआधी हिंदी शिकली ती त्याच्याच तोंडून. जपानी मासिकांत तो आला १९६९ च्या डिसेंबरात, फुजिको एफ. फुजिओ यांच्या लेखणीतून. बाविसाव्या शतकातला मांजर-रोबो. कान उंदरानं खाल्ले, म्हणून उंदराला घाबरणारा. गोडाला हपापलेला. अॅटमपुढं त्याची ताकद कसली! पण मी तिच्या शेजारी बसून बघत होतो तेव्हा माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. तो झोपतो नोबिता नावाच्या पोराच्या खोलीतल्या कपाटात. आणि जेवतो घरच्यांबरोबर. त्याच टेबलाशी, त्यांच्यासारख्याच भांड्यात, नोबिताच्या आईनं वाढलेलं. त्या घरात त्याचा वेगळा वाडगा नाही.

[पडद्यावर: पुन्हा मळा. संध्याकाळ. मोटरच्या खोलीत आता नवा डबा, त्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा.]

आबा आता थकलेत. साल सोडून कित्येक वर्षं झाली. त्यांच्या मुलानं दोन एकर केळी बटाईनं केली आहे आणि मोटरला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवलाय. लाइट आली की यंत्र आपणहून फोन करतं. रात्री दोन वाजता उठून मळ्यात जायचं काम राहिलं नाही.

या चित्रीकरणासाठी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. चहा आला. सगळ्यांचे कप सारखे. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा आत होता, म्हणून आबांनीच उचलला आणि कानाला लावला. पलीकडून छापील, सपाट आवाजात एक बाई बोलली: मोटर चालू झाली आहे.

आबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“हां बाई,” ते म्हणाले. “रात्रंदिवस तुलेच लावलं का यांनी कामाले?”

आणि पलीकडून उत्तर येईल म्हणून फोन थोडा वेळ तसाच कानाला धरून ठेवला.