पाहुण्याविना चालणारी शेती

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी मला ‘कृषी पर्यटन : कुठे जावे, कसे जावे’ असा विषय दिला आहे. त्यातल्या ‘कुठे’चे उत्तर आज कुणाच्याही मोबाइलवर दोन मिनिटांत मिळते, तेव्हा मी ‘कसे’ याबद्दलच अधिक बोलणार आहे. गेली काही वर्षे मी पुण्याहून तीस-चाळीस जणांचे गट घेऊन आसपासच्या तालुक्यांतल्या शेतांवर जातो. जाण्यापूर्वी शेतकऱ्याला फोनवर मी एकच प्रश्न विचारतो : ज्या दिवशी पाहुणे नसतात, त्या दिवशी तुमच्याकडे काय काम चालते? ‘काही नाही, आराम’ असे उत्तर आले की मी नम्रपणे फोन ठेवतो. ‘अहो, आत्ता कांद्याची काढणी आहे, बोलायलासुद्धा वेळ नाही’ असे उत्तर आले, की तिथे जायचेच असे ठरवतो.

हा माझा हेका आहे असे कुणी म्हणेल, परंतु त्यामागे एक तत्त्व आहे आणि ते मी शोधलेले नाही. इटलीने १९८५ साली शेती-पर्यटनाचा कायदा केला, तेव्हा त्यात हीच अट घातली की पाहुणचार हा शेतीला पूरक असावा आणि शेती हाच त्या कुटुंबाचा मुख्य व्यवसाय राहावा. आपल्याकडे बारामती तालुक्यात २००५च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी या कल्पनेला संघटित रूप द्यायला सुरुवात केली, आणि २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर करून केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करण्याची सोय केली. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे की नाही हे अवश्य पाहावे. पण त्या प्रमाणपत्राच्या खालच्या कोपऱ्यात फवारणीचा पंप ठेवलेला दिसला, तर मला अधिक आनंद होतो. पोहण्याचा तलाव, कृत्रिम पाऊस आणि मोठमोठे भोंगे असलेली जागा वाईट असते असे मी म्हणत नाही. मुलांना ती आवडते आणि मालकाला चार पैसे मिळतात. फक्त तिला शेत म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुणेकरांचे भाग्य असे की आपल्या जिल्ह्यात शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात पाऊसमान पार बदलून जाते. पश्चिमेला ताम्हिणी घाटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर पूर्वेला बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपासच. त्यामुळे एकाच जिल्ह्यात मुळशी-मावळात भात, पुरंदरच्या मुरमाड माळावर अंजीर आणि सीताफळ, जुन्नरला द्राक्ष आणि टोमॅटो, तर पूर्व पट्ट्यात रब्बीची ज्वारी आणि कालव्याच्या पाण्यावरचा ऊस अशी सगळी पिके पाहता येतात. मात्र प्रत्येकाची वेळ ठरलेली असते, आणि ती आपल्या शनिवार-रविवारकडे पाहून ठरत नाही.

हे मी चूक करूनच शिकलो. एका वर्षी जुलैमध्ये मी मुळशीतल्या एका शेतावर अडतीस जणांना भाताची आवणी दाखवायला नेले. पत्रकात ‘प्रत्यक्ष चिखलात उतरून लावणी’ असे मीच ठळक अक्षरांत छापले होते. आदल्या आठवड्यात पावसाने ओढ दिली, खाचरात पाणी साठले नाही, चिखलणी झाली नाही. आणि आम्ही नव्या चपला, टोप्या घालून कोरड्या बांधावर उभे राहिलो. दोघांनी पैसे परत मागितले. मी त्यांना समजावीत असताना घरातल्या आजी ओसरीवरून म्हणाल्या, “तुमचं तिकीट वाया गेलं, आमचं रोप वाया चाललंय.” मग त्यांच्या मुलाने आम्हाला रोपे दाखवली. वाफ्यात दाट उभी असलेली, वेळेवर उपटली गेली नाहीत म्हणून शेंड्याकडे पिवळी पडू लागलेली. इंद्रायणी वाणाची ती रोपे होती. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढले आणि १९८७ साली प्रसारित केले, ही माहिती मी एरवी बसमध्येच सांगून टाकत असे. त्या दिवशी ती त्या वाफ्यापाशी सांगताना मला जरा संकोच वाटला. पुढे तासभर त्या मुलाने चारसूत्री लागवड समजावली : मागच्या भाताचा तूस आणि पेंढा पुन्हा जमिनीत, गिरिपुष्पाचा पाला हिरवळीच्या खतासाठी, दोरीला खुणा बांधून पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आळीपाळीच्या अंतरावर दोन-तीन रोपे, आणि चार चुडांच्या (म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये युरिया-डीएपी खताची एक गोळी खोचायची. चिखल नव्हता म्हणून त्याने हे सगळे अंगणात काड्या मांडून दाखवले. पैसे मी परत केले, आणि तेव्हापासून पत्रकात ‘पाऊस झाल्यास’ हे दोन शब्द घालतो.

आता हुरड्याकडे येतो, कारण पुण्यात शेतावर जाणे म्हणजे हुरडा पार्टी असे समीकरण झाले आहे. रब्बीची ज्वारी साधारण हस्ताच्या सुमारास पेरली जाते आणि मार्गशीर्ष-पौषात कणसात दाणा भरतो. हा दाणा दुधाळ अवस्थेतून चिकात येतो, तेवढेच काही दिवस हुरड्याचे. त्यानंतर दाणा टणक होऊन धान्य होते. एकच पेरणी केली तर हुरडा आठ-दहा दिवसांत संपतो. म्हणून जो शेतकरी सीझनभर पाहुणे घेतो, तो तुकडे पाडून आठवड्या-आठवड्याच्या अंतराने पेरतो. शेतात शिरल्यावर शेजारशेजारच्या वाफ्यांत ज्वारीची उंची पायऱ्यांसारखी उतरत गेलेली दिसली, की समजावे, हुरडा याच रानातला आहे. तसे काही दिसत नसेल आणि तरीही ताटात हुरडा येत असेल, तर तो मार्केटमधून पोत्यात आलेला असण्याचा संभव बराच असतो.

खुद्द भाजणे हे कौशल्याचे काम आहे. जमिनीत हातभर खड्डा घेऊन त्यात गोवऱ्या पेटवतात, ही आगटी. ज्वाळा बसल्या आणि निखाऱ्यावर राखेची साय धरली, की कणसे त्यात खुपसायची. जाळावर धरले तर कोंडा जळतो आणि दाणा कच्चा राहतो. मग गरम कणीस तळहातावर घेऊन चोळायचे. गूळभेंडीसारख्या वाणात कोंडा सैल असल्याने दाणा पटकन सुटतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘फुले मधुर’ हे वाण खास हुरड्यासाठीच काढले आहे. आपण दोन कणसे चोळून फोटो काढतो आणि हात भाजला म्हणून थांबतो. चोळणाऱ्या बाईचे तळवे दिवसभर त्याच धगीत असतात. फुंकर मारून कोंडा उडवायचा, हिरवे दाणे थाळीत टाकायचे, सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, दही, गूळ. हे सारे आयते समोर येते तेव्हा ते कुणाच्या हातून आले, हे विचारायला आपण विसरतो.

आणि हा मुद्दा मला जरा विस्ताराने मांडायचा आहे. शेतावरच्या पाहुणचाराचा सर्वांत मोठा भार चुलीपाशी पडतो. चाळीस माणसे म्हणजे किमान शंभर भाकऱ्या, त्याही गरम हव्यात, आणि ‘चुलीवरच्याच हव्यात’ असा आपला आग्रह. धुरात बसून शंभर भाकऱ्या थापणाऱ्या घरातल्या सुनेचे नाव माहितीपत्रकात नसते आणि पैसे बहुधा तिच्या हाती येत नाहीत. काही घरांत मी पाहिले की स्वयंपाकाचे पैसे वेगळे मोजून बचत गटाच्या खात्यात जातात. तिथे भाकरी वाढणाऱ्या हाताचा उत्साह वेगळा दिसतो. आमचा गट आता हा हिशेब आधीच विचारतो. सुरुवातीला शेतकरी चपापतात, मग सांगतात.

जुन्नरबद्दल थोडक्यात. फेब्रुवारीच्या अखेरीस जावे. द्राक्षे तोडणीला आलेली असतात आणि जवळच खोडदला विज्ञान दिनाच्या सुमारास जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, आणि आजूबाजूला शेती. मुक्काम करणार असाल तर अंधार पडल्यावर उसाच्या कडेने फिरू नका. त्या भागात बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्ले घालतो, आणि घरधनी रात्री बाहेर रेंगाळू नका म्हणाला तर तो तुम्हाला घाबरवत नसतो.

शेवटी पुरंदर. तिथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंजिराचे बहार दोन : पावसाळ्यात येणारा खट्टा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा मीठा. आम्ही मार्चमध्ये, मीठ्या बहाराला, पहाटे साडेपाचला पोहोचलो, कारण तोडणी उन्हाआधीच होते. पिकलेले फळ मान टाकते आणि बुडाशी असलेल्या डोळ्यातून एखादा मधाचा थेंब डोकावतो, तेवढेच तोडायचे. देठातून पांढरा चीक येतो आणि तासाभरात बोटांना खाज सुटते, म्हणून काही जण हाताला तेल लावतात. फळ दुसऱ्या दिवशीसुद्धा नीट राहत नाही, त्यामुळे पाटीत अंजिराचीच पाने अंथरून त्यावर एकेक फळ ठेवायचे आणि त्याच दिवशी बाजार गाठायचा. आमच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी शेतकऱ्याला पाण्याविषयी, कलमांविषयी, भावाविषयी बरेच प्रश्न विचारले. तो पाटी भरता भरता, मान वर न करता उत्तरे देत होता. नऊच्या सुमारास रस्त्यावर हॉर्न वाजला. अर्ध्यावर राहिलेले वाक्य तसेच सोडून त्याने दोन पाट्या उचलल्या, प्राध्यापकांच्या हातात तिसरी दिली आणि म्हणाला, “चला सर, टेम्पो थांबत नाही.”